मशीनशेजारची पोथी

जाड पुस्तक एका हातानं धरता येत नाही, म्हणून मी वाचायला लागले. एरवी त्या कादंबरीशी माझा काही संबंध आला नसता.

माझा मोठा भाऊ भोरच्या एसटी स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. पस्तिशी ओलांडायच्या आत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब कधीपासून वाढत होता ते त्यालाही कळलं नव्हतं. पाय सुजायला लागले तेव्हा दिवसभर बसून काम करतो म्हणून सुजत असतील, असं आम्ही धरून चाललो. डॉक्टरांकडे पोचलो तोवर उशीर झाला होता. माझा रक्तगट त्याच्याशी जुळला नाही. आईला साखर, तिची किडनी घेणं शक्य नव्हतं, आणि वडील तर आधीच गेलेले. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. कामथडीच्या अलीकडे महामार्गालगत एक लहानसा दवाखाना आहे, तिथं.

मी सकाळी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची. तास संपवून घरी यायची, डबा घ्यायची आणि दादाला घेऊन वडापच्या जीपमध्ये बसायची. जीप गच्च भरल्याशिवाय सुटायची नाही. दादा खिडकीकडेला बसायचा. भाटघरच्या धरणाची भिंत दिसली की तिच्याकडे बघत राहायचा आणि ती मागं पडली की डोळे मिटून घ्यायचा.

दवाखान्यात त्याच्या डाव्या दंडाशी दोन जाड सुया टोचायच्या. एकीतून रक्त बाहेर जायचं, मशीनमधून फिरून दुसरीतून परत आत यायचं. चार तास तो हात हलवायचा नाही. सुरुवातीला तो मोबाईल बघायचा. मग त्याचा कंटाळा आला. म्हणाला, "आयुष्यभर हेच उघडून बघत आलोय. आता हितं पण तेच?"

पुढच्या खेपेला त्यानं पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक काढलं. विटेएवढं जाड, कडा पिवळ्या पडलेल्या. कॉलेजात असताना पुण्यात फूटपाथवर त्यानं ते घेतलं होतं. एका काल्पनिक जगाची ती लांबलचक कादंबरी होती, खंडांमागून खंड असलेली. त्यातले सुरुवातीचे खंड त्यानं डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले होते. त्याचं इंग्रजी झालं ते त्यावरच. पुढं दुकान सुरू झालं, वाचन सुटलं, आणि तिकडे खंड निघतच राहिले. आता त्यानं उरलेले सगळे मागवून घेतले होते. त्याला पहिल्यापासून परत सुरुवात करायची होती.

उजव्या हातानं त्यानं ते छातीवर उभं धरलं. थोड्या वेळानं पुस्तक निसटून नळ्यांवर पडलं, मशीन वाजायला लागलं. सिस्टर धावत आली, त्याला रागावली. ती गेल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, तू वाच ना."

खरं सांगायचं तर अशा पुस्तकांबद्दल मला फारसं प्रेम नव्हतं. राजे, किल्ले, जादू, उडणारे प्राणी, आणि सुरुवातीलाच नकाशा. मी स्वतः तेव्हा कथा लिहायची, लहान लहान. चार पानांत जे सांगता येत नाही ते सांगायलाच नको, असं माझं मत होतं. दादाला मी ते अनेकदा ऐकवलंही होतं. तो वाद घालायचा नाही. एकदाच म्हणाला होता, "तुझ्या गोष्टीत माणूस भेटतो आणि लगेच जातो. मला त्याच्याबरोबर राहायचं असतं."

मी हळू आवाजात इंग्रजीतून वाचायला लागले. दोन-तीन खेपा तशा गेल्या असतील. शेजारच्या पलंगावर साठीच्या आसपासची एक बाई असायची. काळीसावळी, कपाळावर ठसठशीत गोंदण, अंगानं सुकलेली. तिचा मुलगा गुंजवण्याहून मोटरसायकलवर तिला आणायचा आणि बाहेर पायरीवर बसून राहायचा. ती सगळा वेळ छताकडे बघत पडलेली असायची. एक दिवस तिनं मान वळवली.

"बाई, तुमी काय वाचताय? पोथी हाय का?"

मी काही बोलायच्या आधी दादाच म्हणाला, "पोथीच समजा, मावशी. लई मोठी आहे."

"मग आमाला कळंल असं वाचा की. नुस्तं पुटपुटताय."

दादा हसला. आजारपण सुरू झाल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, "सांग मराठीत. मलाही ऐकायचंय ते आपल्या भाषेत कसं वाटतं."

त्या दिवसापासून मी एक पान मनात वाचायची आणि मग ते मराठीत सांगायची. गोष्ट तशी साधी होती. जगातला सगळा विस्तव एकाएकी विझतो. काही केल्या कुठं ज्योत धरत नाही. फक्त दूर दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका नावाड्याच्या घरात चूल पेटती राहते. त्या नावाड्याची मुलगी चुलीतले निखारे मडक्यात घालते आणि उत्तरेच्या टोकाच्या किल्ल्याकडे चालायला लागते. तिथली मोठी शेकोटी पेटली तर जगभरचा विस्तव परत येणार असतो. वाटेत माणसं मिळत जातात. एक लंगडा सरदार, दोन जुळ्या बहिणी, एक चोर. चालणं, मुक्काम, लढाया, फितुरी, परत चालणं. शेकडो पानं झाली तरी किल्ला दिसायचा नाही.

नावं मात्र आम्हाला जमली नाहीत. ती परदेशी नावं मावशींच्या जिभेवर टिकेनात. मग त्यांनीच नवी पाडली. मुलीला त्या 'इस्तवाची पोर' म्हणायच्या, सरदाराला 'लंगडा'. उत्तरेचा किल्ला त्यांच्या लेखी सरळ राजगड होता, कारण त्यांनी आयुष्यभर रोज उठून तोच पाहिलेला. दादानं मान्य करून टाकलं. तो म्हणाला, "मीही कॉलेजात वाचताना भाटघरच्या भिंतीलाच तो तट समजायचो."

मावशींच्या लहानपणी घरात काड्यापेटी कायम नसायची. विस्तव शेजारून आणायचा, खापरीत. त्या म्हणाल्या, "पळत यायचं वो. वारं लागलं की निखारा फुलायचा आन् बोटं भाजायची. टाकून द्यावंसं वाटायचं. पर आय दारात हुबी असायची वाट बगत."

पोथीचा नियम त्यांनी आम्हाला लावला. त्यांच्या गावात श्रावणात पोथी लागायची, आणि अध्याय अर्धा सोडायचा नाही अशी रीत होती. आता मशीन बंद व्हायची वेळ झाली आणि प्रकरणाची पानं उरली असली, तर त्या सिस्टरला म्हणायच्या, "जरा दम धर गं, अध्याव संपू दे." सिस्टर वैतागायची. नंतर तीही नळ्या आवरत आवरत ऐकायला लागली.

मला ते सगळं ओळखीचं वाटत होतं. आमच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं आणि वडील वाचायचे. आळीतल्या बायका, दमून आलेली माणसं, पेंगणारी मुलं, सगळे रोज थोडं थोडं ऐकायचे. पावसाळा सरायचा तेव्हा ग्रंथ संपायचा. तिथं बसून बसून मला एवढं कळलं होतं की लांब वाचन ऐकणारी माणसं फक्त त्या वाचनासाठी येत नाहीत. पण हे दादाच्या पुस्तकाला लावून पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं.

महिने गेले. दादाचा रंग काळवंडत चालला, वजन उतरलं. पाणी मोजून प्यायचं, डाळ-भाजी उकळून तिचं पाणी टाकून द्यायचं, असं सगळं. मशीनवरून उठला की पायात गोळे यायचे आणि जीपमध्ये तो दात आवळून बसायचा. पण दवाखान्यात जायच्या दिवशी तो सकाळपासून विचारायचा, "पुढचं वाचून ठेवलंस का?" दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही तो गोष्ट सांगायचा म्हणे. आई स्वयंपाक करताना मला विचारायची, "ती पोरगी पोचली का गं?"

तिसऱ्या खंडाच्या शेवटी लंगडा सरदार मेला. मी ते सांगितलं. मावशी पदर तोंडावर ओढून पडून राहिल्या. पुढच्या खेपेला मी पुस्तक उघडलं तर म्हणाल्या, "आज नगं."

दादा म्हणाला, "मावशी, गोष्ट आहे ती."

"गोष्ट कशी? इतकं दिस आपल्यासंगं चालला त्यो. माजा नवरा गेला तवा बी मला असं झालं न्हवतं. त्यो एका दिशी गेला, कळलंच न्हाई. ह्याचं समदं बगितलं आपण."

"म्हणून तर एवढी मोठी केली असणार," दादा म्हणाला. "चार पानांत मेला असता तर कुणाला काय वाटलं असतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, पण ते मला उद्देशून होतं हे मला कळलं. मावशींनी विचारलं, "मग आता फुडल्या पुस्तकात त्यो न्हाईच?"

"नाही. बाकीचे चालत राहतात."

त्या वर्षी परीक्षांच्या दिवसांत मला पर्यवेक्षणाचं काम लागलं. नंतर पेपर तपासणी. बरेच दिवस दादा एकटाच एसटीनं जाऊन येत होता. मी विचारलं, "काय करतोस चार तास?" तो म्हणाला, "झोपतो." मी परत जायला लागले तेव्हा आम्ही चौथा खंड जिथं सोडला होता तिथूनच उचलला. ती माणसं मिठाच्या वाळवंटात शिरली होती.

वाळवंट ओलांडून व्हायच्या आत दादाला ताप आला. सुया टोचायच्या जागेतून संसर्ग रक्तात गेला, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याला हलवलं. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच आत सोडायचे. मी आत गेले की तो पाणी मागायचा. बाकी काही नाही. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मी सिस्टरला विचारायची, ती चमच्यानं ओठ ओले करू द्यायची. तो माझा हात धरून चमचा परत तोंडाकडे ओढायचा. त्या हाताला तेव्हाही किती जोर होता, ते मी विसरू शकत नाही. एका सकाळी आई आत असताना तो गेला. आई बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला विचारायची गरज पडली नाही.

भोरला आणलं. वंदना झाली, आळी जमली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माणसं मावली नाहीत. त्यानं दुरुस्त केलेले मोबाईल घेऊन ती आली होती, हे माझ्या डोक्यात उगीचच येत राहिलं. दुकानाचं शटर मावसभावानं बंद केलं. मी ती सगळी पुस्तकं तांदळाच्या पोत्यात भरली, तोंड सुतळीनं बांधलं आणि पोतं माळ्यावर टाकलं. आईनं ते पाहिलं. 

साधारण दोन महिन्यांनी मावशींचा मुलगा विचारत विचारत आमच्या दारात आला. आईनं त्याला पाणी दिलं. तो उंबऱ्याशीच बसला.

"ताई, आय मशीनवर जायाला तयार न्हाई. दोन खेपा चुकल्या. तोंड सुजलंय. म्हनती, ती दोगं न्हाईत, म्या कुणासंगं पडू तितं."

"त्यांना कळलंय ना, दादा गेला ते?"

"कळलंय की. गेल्या हप्त्यात सिस्टरनं सांगितलं. तवापास्नंच असं करती."

मला राग आला. माझा भाऊ गेलाय आणि हिला गोष्ट हवी आहे, असं मनात आलं. मी म्हणाले, "मला नाही जमायचं." तो मान खाली घालून बसला. मग आई आतून म्हणाली, "जा तू. वाचू नको. पण जा."

मी गेले. दादाच्या पलंगावर दुसरा माणूस होता, कापूरहोळकडचा कुणीतरी, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेला. पुस्तक मी नेलंच नव्हतं. मावशींनी मला पाहिलं, सुई नसलेला हात पुढं केला. मी त्यांच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसले आणि मग मला आवरलं नाही. त्या म्हणाल्या, "नगं वाचू. नुस्ती बस माज्याजवळ."

तशा कितीतरी खेपा मी नुसती बसून राहिले. त्या मशीनवर यायला लागल्या होत्या. कधी आम्ही बोलायचो, कधी नाही. त्यांची चांगली खाचरं धरणात गेली होती, त्यांविषयी त्या सांगायच्या. कुठल्या खाचरात कुठला तांदूळ पिकायचा, तेही. मी ऐकायची. आणि एक दिवस त्यांनी स्वतःच गोष्ट काढली.

"त्या कंदीलवाल्याचं फुडं काय झालं गं?"

"कुठला कंदीलवाला?"

"अगं, बाजारातला."

मला असा कुणी आठवेना. मी म्हणाले, तुम्हीच सांगा बरं. मग त्या छताकडे बघत सांगायला लागल्या.

घाटाच्या पायथ्याला एक बाजार असतो. वेल्ह्यासारखा, त्या म्हणाल्या. इस्तवाची पोर आणि तिची माणसं तिथं मुक्काम करतात. त्या बाजारात एक कंदील दुरुस्त करणारा बसतो. जगात विस्तव उरलेला नाही, तरी लोक मोडके कंदील घेऊन त्याच्याकडे येतात आणि तो ते नीट करून देतो. काचा पुसतो, वाती सरळ करतो. लोक हसतात. तो म्हणतो, इस्तव आल्यावर लागतीलच की. पोर त्याला म्हणते, चल आमच्याबरोबर, पुढं तुझा उपयोग होईल. पण त्याला जाता येत नाही. त्याला शाप असतो. एक दिवसाआड त्यानं गावच्या विहिरीवर येऊन पाण्यात हात बुडवून अर्धा दिवस बसलं नाही, तर त्याचं अंग सुजून तो मरणार असतो.

 हे पुस्तकात नव्हतं. मी तो सगळा भाग वाचला होता.

"त्याला एक बहीण हुती," मावशी म्हणाल्या. "तिला वाटंवरच्या दगडांवरची अक्षरं वाचता यायची. त्यो तिला म्हनायचा, तू जा ह्यांच्यासंगं. रोज सांगायचा. ती म्हनायची, उद्या जाईन. लई हट्टी. त्यो चिडायचा तिच्यावर, बोलायचा न्हाई तिच्याशी. ती आपली रोज त्याच्यासंगं विहिरीवर जाऊन बसायची."

"मग?"

"मग तुजी परीक्षा सपली आन् तू आलीस. तुजा दादा म्हनला, मावशी, तिच्याफुडं ह्यातलं काय काडू नका. तिला वाटंल म्या पुस्तकात भेसळ केली."

त्या वर्षी मला सोलापूरकडच्या एका महाविद्यालयात कायमची जागा मिळत होती. मी गेले नाही. दादाला मी सांगितलं होतं की मुलाखत चांगली झाली नाही.  मी समजले होते, त्याला पटलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "मला कळत हुतं कुणाचं हाय ते. पर त्यो ज्या परकारानं सांगत हुता, ते बगून म्या मधी बोलले न्हाई."

घरी येऊन मी माळ्यावर चढले. पोतं सोडलं, चौथा खंड काढला आणि पान न् पान चाळलं. बाजार होता. एका ओळीत येऊन जाणारा, नावापुरता. कंदीलवाला नव्हता. मी ते आईला सांगितलं. आई गहू निवडत होती. तिनं विचारलं, "त्या बहिणीला काय म्हणायचा तो? नाव घ्यायचा का?" मी म्हणाले, "नुसतं बहीण." आई परत गहू निवडायला लागली, पण ताटातले तेच मूठभर दाणे ती पुन्हा पुन्हा इकडून तिकडे सारत होती.

मग मी वाचायला लागले. वाळवंटाच्या मधूनच. आवाज सुरुवातीला लागेना. मावशी घाई करायच्या नाहीत. शेजारचा वर्तमानपत्रवालाही हळूहळू पेपर खाली ठेवून ऐकायला लागला, तो मध्येच विचारायचा आणि मावशी त्याला मागचं सगळं समजावून सांगायच्या. लंगड्या सरदाराविषयी सांगताना त्या असं सांगायच्या, जणू तो त्यांच्या माहेरकडचा.

मी तेव्हा विचार करायची की ही पुस्तकं एवढी लांब का असतात. मराठीची प्राध्यापक म्हणून मला कुणी विचारलं असतं तर मी पाल्हाळ म्हणाले असते, संपादकाचा अभाव म्हणाले असते. तेही खोटं नाही. कितीतरी पानं मी मावशींना न सांगता ओलांडली. जेवणांची वर्णनं, वंशावळी, गाणी. पण लांबीमुळे एक होतं. त्या गोष्टीत इतकी रिकामी जागा, इतक्या वाटा आणि बाजार असतात की माझ्या भावाला त्यात बसायला जागा मिळाली. माझ्या चार पानांच्या कथेत त्याला कुठं बसता आलं असतं? त्या लेखकाला, तो कुठं असेल तिथं, याचा पत्ताही नसेल.

पुढच्या उन्हाळ्यात मावशींनी मशीन सोडलं. या वेळी कुणावर रुसून नाही. शिरा मिळेनाशा झाल्या होत्या, दर खेपेला सुया चार ठिकाणी टोचून बघायला लागायच्या. त्यांनी मुलाला सांगितलं, बास झालं. मुलगा रडला, डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. त्या म्हणाल्या, "लई चालले म्या. आता घरी पडू दे."

मी एसटीनं गुंजवण्याला गेले. पडवीत बाज टाकली होती. समोर राजगड, खाली धरणाचं पाणी उतरलेलं, काठाला वाळलेला गाळ. मी शेवटचा खंड बरोबर नेला होता. म्हणाले, "मावशी, मधलं सगळं सोडून शेवट सांगते. ती पोचते का ते."

त्यांनी मान हलवली. "मधलं सोडायचं न्हाई. जितं हाय तितनं वाच."

मी बाजेशेजारी बसून जिथं होतो तिथून वाचलं. बर्फाचा प्रदेश सुरू झाला होता. त्यांचा श्वास जड येत होता, मध्येच डोळा लागायचा. सूनबाई चहा घेऊन आली आणि तिथंच दाराला टेकून बसली. मी आणखी दोनदा जाऊन आले. पुढच्या खेपेला जायच्या आधी मुलाचा फोन आला. आम्ही बर्फातच होतो.

दहाव्याला मला जाता आलं नाही, आई आजारी होती. भात लावणीच्या दिवसांत गेले. मुलगा खाचरात होता. सून घरी होती, तिनं बसवून घेतलं, नाचणीची भाकरी आणि घेवड्याची भाजी वाढली. जेवताना ती म्हणाली, "ताई, आत्यांनी ती गोष्ट मला समदी सांगितली शेवटच्या दिसांत. लावणीला बायका इचारत्यात. म्या सांगते त्यांना चिखलात हुबं ऱ्हाऊन."

"कुठपर्यंत सांगितलीस?"

"अजून बाजारात हायेत. त्यो कंदीलवाला लई आवडतो बायकांना. एकजण म्हनली, त्यो खरंच वेल्ह्याच्या बाजारात बसायचा, तिच्या आज्यानं पायलाय."

मी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसले. तिला सांगावंसं वाटलं की तो भोरला एसटी स्टँडजवळ बसायचा, त्याला डाव्या कुशीवर झोपायची सवय होती, त्याला पावटा आवडायचा. पण ती इतक्या खात्रीनं बोलत होती. मी सांगितलं नाही.

ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "फुडं काय झालं ते आत्यांना बी ठावं न्हवतं. तुमी सांगा." एसटीला वेळ होता. मी उभ्या उभ्या बर्फातलं सांगायला लागले. जुळ्या बहिणींपैकी एक मागं राहते, चोर परत फिरतो, मडक्यातला निखारा बारीक होत जातो. ती डोक्यावरचा पदर सारखा करत ऐकत होती. पाऊस भुरभुरत होता, आमच्या दोघींवर एकच इरलं. एसटी आली तेव्हा गोष्ट मध्येच होती.

"परत या," ती म्हणाली. "तेवडं तरी पुरं करा."

मी हो म्हणाले आणि चढले. मार्गासनी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. सगळीकडे बायका वाकून लावणी करत होत्या, काय बोलत होत्या ते काचेतून ऐकू येत नव्हतं. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. तो थांबला, मग पुढं गेला, सगळ्यांची तिकिटं काढून परत आला आणि हळूच म्हणाला, "भोरच ना?" मी मान हलवली.

त्यानंतर मी गुंजवण्याला गेलेली नाही. आईला आता एकटं सोडता येत नाही, हे कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. गोष्ट अर्धी आहे तोवर कंदीलवाला त्या बाजारात बसलेला आहे. जायला हवं.